चाळीस वर्षांची राजधानी

इ. स. ४९३ च्या शरद ऋतूत उत्तर चीनमधील वेई घराण्याचा सव्वीस वर्षांचा सम्राट श्याओवन हा लक्षावधींची फौज बरोबर घेऊन आपल्या पिंगचंग या राजधानीतून दक्षिणेकडे निघाला, तेव्हा आपण यांगत्झे नदीपलीकडील छी राज्यावर स्वारी करण्यास चाललो आहोत, अशीच त्याच्या बहुतेक सरदारांची समजूत होती. पिंगचंग सोडल्या दिवसापासून पावसाने जी झड धरली, ती लोयांग येईपर्यंत उघडली नाही. तेथे थोडे दिवस मुक्काम करून सम्राट पुन्हा चिलखत चढवून, हाती चाबूक घेऊन घोड्यावर बसला आणि त्याने कूच करण्याचा हुकूम सोडला, तेव्हा मंत्री आणि सरदार त्याच्या घोड्यापुढे मस्तके टेकून ही मोहीम थांबवावी म्हणून विनवू लागले. सम्राटाने त्यांना असे सांगितले, की एवढा मोठा लवाजमा घेऊन निघालो आणि काही न करता परतलो, तर पुढच्या पिढ्यांना तोंड दाखविणे कठीण होईल. स्वारी नको असेल तर राजधानी येथे आणावी. ज्यांना हे मान्य असेल त्यांनी डावीकडे व्हावे, ज्यांना नसेल त्यांनी उजवीकडे. उत्तरेतले जुने मानकरी आपली कुरणे आणि आपल्या पूर्वजांची थडगी सोडण्यास मनातून मुळीच तयार नव्हते. परंतु पावसाळी दिवसांत दक्षिणेच्या नद्या ओलांडून लढण्याचे भय त्यांना त्याहून मोठे वाटले, आणि त्या भयापोटी कोणाच्याही तोंडून विरोधाचा शब्द निघाला नाही. चीनच्या इतिहासातील एका विलक्षण नगरीचा जन्म अशा रीतीने झाला.

हा सारा बेत अगोदरच ठरलेला होता. पिंगचंग ही शस्त्राने मुलूख जिंकण्याची जागा आहे, विद्येने आणि कायद्याने राज्य चालविण्याची नव्हे, हे आपले मत श्याओवनने घराण्यातील एका वडीलधाऱ्या राजपुत्रास एकांतात सांगितले होते. त्याचे घराणे तोबा कुळातले. श्येनबेई नावाच्या अश्वारोही, पशुपालक जमातीचे. एक शतकापूर्वी त्यांनी चीनच्या उत्तर सीमेवर पिंगचंग, म्हणजे आजचे दातुंग, येथे गादी मांडली होती आणि शेजारच्या युनगांगच्या कड्यात बुद्धाच्या प्रचंड मूर्ती कोरविल्या होत्या. पण तेथील हवा कडाक्याच्या थंडीची, जमीन कोरडी, आणि दुष्काळ पडला की दक्षिणेकडून धान्य पोहोचविणे महाकष्टाचे. ज्या राज्याची बहुसंख्य रयत पीत नदीच्या काठची चिनी शेतकरी होती, त्या राज्याने गवताळ माळाच्या तोंडाशी किती काळ बसून राहावे, हा प्रश्न श्याओवनपुढे होता. ४८५ मध्ये जमिनीची माणशी वाटणी करणारा प्रसिद्ध कायदा त्याच्या नावाने निघाला, त्यामागे त्याची आजी, राजमाता फंग, हिची बुद्धी होती. ४९० साली ती वारली आणि नातवाला आपल्या स्वतःच्या मनाप्रमाणे राज्य चालविण्याची मोकळीक मिळाली.

लोयांगच निवडण्याला कारण होते. इ. स. पूर्व अकराव्या शतकात चौ घराण्याच्या राजप्रतिनिधीने लो नदीच्या काठी येथे वसाहत केली, इ. स. पूर्व ७७० मध्ये चौ राजे येथे राहावयास आले, इ. स. २५ मध्ये हान घराण्याच्या दुसऱ्या शाखेने ही आपली राजधानी केली. कागद तयार करण्याची सुधारलेली रीत त्साइ लुन याने १०५ मध्ये याच दरबारात सादर केली, भूकंपाची दिशा दाखविणारे यंत्र चांग हंग याने १३२ मध्ये येथेच सिद्ध केले, आणि परंपरेप्रमाणे ६८ मध्ये काश्यप मातंग व धर्मरत्न हे दोन श्रमण पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून याच नगरीत आले, तेव्हा त्यांच्यासाठी येथे पहिला विहार उभा राहिला. त्यानंतरची कथा मात्र दोन अग्निप्रलयांची आहे. १९० मध्ये दुंग चो या सेनापतीने शहर जाळून रयतेला पश्चिमेकडे हाकलून नेले, आणि पुन्हा वसलेले शहर ३११ मध्ये श्युंगनू फौजांनी लुटून भस्मसात केले. श्याओवन तेथे आला तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षे त्या ठिकाणी गवत वाढत होते. हान काळात शास्त्रग्रंथांचे शुद्ध पाठ शिलांवर कोरून जेथे उभे केले होते, त्या महाविद्यालयाच्या पडक्या जागेवर तो गेला. उद्ध्वस्त राजधानीवर पीक डोलताना पाहून शोक करणारे एक अतिप्राचीन चिनी गीत आहे. ते त्याने म्हटले आणि तो रडला, असे इतिहासकार नमूद करतात. परकीय कुळातल्या, उत्तरेच्या माळावर वाढलेल्या या तरुणाचे ते अश्रू मला खरे वाटतात. कारण पुढची सहा वर्षे त्याने जे केले, ते त्या अश्रूंशी पूर्णपणे सुसंगत आहे.

त्याने आपल्याच जमातीला बदलण्याचा हुकूम केला. श्येनबेई पेहरावाची बंदी झाली. ४९५ मध्ये फर्मान निघाले, की दरबारात तिशीच्या आतील कोणीही श्येनबेई भाषा बोलू नये. तिशी उलटलेल्यांच्या जिभेला एकदम वळण लागणार नाही, म्हणून त्यांना काहीशी सवलत. त्याच वर्षी असेही ठरले, की लोयांगला आलेल्या उत्तरेकडील माणसांचे दफन शहरामागच्या मांग टेकड्यांतच व्हावे, शव परत उत्तरेस नेऊ नये. पुढल्या वर्षी आडनावे बदलली आणि खुद्द सम्राटाचे तोबा कुळ युआन या चिनी नावाने ओळखले जाऊ लागले. अशा आज्ञांची किंमत घरातच मोजावी लागते. थोरला मुलगा, युवराज, स्थूल देहाचा होता. त्याला लोयांगचा उन्हाळा सोसवेना, पुस्तके आवडत ना. ४९६ मध्ये बाप बाहेरगावी असताना त्याने घोडे काढून पिंगचंगला पळून जाण्याचा बेत केला आणि तो उघडकीस आला. बापाने त्याचे युवराजपद काढून घेतले, आणि पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून त्यास विषाचा पेला पाठविला. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. ४९९ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर असताना श्याओवनही वारला. राजधानीची तटबंदी आणि राजवाड्याचा आराखडा एवढेच त्याच्या डोळ्यांदेखत झाले. नगर म्हणून जे लोयांग प्रसिद्ध झाले, ते उभे करण्याचे काम त्याच्या पुत्राकडे आले.

५०१ मध्ये पन्नास हजारांवर मजूर वेठीस धरून चाळीस दिवसांत तीनशे तेवीस पेठा बांधल्या गेल्या. या पेठांची रचना ध्यानात घेतल्याशिवाय त्या शहराचे जीवन समजणार नाही. प्रत्येक पेठ तीनशे पावले लांब आणि तितकीच रुंद, सभोवार भिंत, चार दिशांना चार वेशी. दर वेशीवर दोन पेठप्रमुख, चार कारकून आणि आठ पहारेकरी. ही सूचना ज्या राजपुत्राने दरबारापुढे मांडली, त्याने हेतूही लपविला नाही: थोडे दिवस रयतेला कष्ट पडतील, पण चोराचिलटांचा कायमचा बंदोबस्त होईल. असे हे शहर पूर्वपश्चिम वीस ली (अंतराचे चिनी माप) आणि दक्षिणोत्तर पंधरा ली पसरले आणि त्यात एक लाख नऊ हजारांवर कुटुंबे नांदू लागली. नकाशा आखणाऱ्यांनी चौकटी आखल्या, परंतु त्या चौकटींच्या आत माणसांनी आपापल्या धंद्याने, धर्माने आणि हौसेने जे रंग भरले, ते कोणत्याही फर्मानात लिहिलेले नव्हते. लोयांगचा मोठेपणा मला तेथे दिसतो.

पश्चिमेच्या मोठ्या बाजाराभोवती धंद्याधंद्याच्या पेठा होत्या: कोठे व्यापारी आणि खाटीक, कोठे गवई आणि वाजंत्री, कोठे दारू गाळणारे. त्या शेवटच्या पेठेत ल्यू बाइदुओ नावाचा कारागीर राहत असे. ऐन उन्हाळ्यात त्याच्या मद्याचे मडके उन्हात दहा दिवस ठेवले तरी मद्य नासत नसे, आणि ते प्यालेला माणूस महिना महिना शुद्धीवर येत नसे, अशी ख्याती होती. मोठे अधिकारी दूरच्या सुभ्यांना निघताना ते हजार हजार ली बरोबर नेत. माओ हुंगबिन नावाचा सुभेदार ते मद्य घेऊन आपल्या कामगिरीवर जात असता वाटेत रात्री दरोडा पडला. दरोडेखोरांनी मडकी फोडून यथेच्छ मद्य घेतले, ते जागच्या जागी आडवे झाले आणि सगळेच्या सगळे पकडले गेले. तेव्हापासून रस्त्यावरचे धाडसी गडी म्हणू लागले, की उपसलेल्या तलवारीला आम्ही भीत नाही, भीती वाटते ती बाइदुओच्या वसंतातल्या मद्याची.

बाजाराच्या उत्तरेस शवपेट्या विकणाऱ्यांची आणि अंत्ययात्रेच्या गाड्या भाड्याने देणाऱ्यांची वस्ती होती, आणि तिच्याशी जोडलेली एक कथा इतकी चमत्कारिक आहे, की ती येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. विटांसाठी जुने थडगे खणणाऱ्या एका भिक्षूला आत एक जिवंत तरुण सापडला. श्याओवनच्या पुत्रानंतर गादीवर आलेल्या बालसम्राटाची आई, राजमाता हू, हिच्यापुढे त्याला उभे केले, तेव्हा त्याने आपले नाव त्स्वेई हान असे सांगितले. मरून बारा वर्षे झाली, असे तो म्हणाला. त्याने सांगितलेल्या पेठेत चौकशी केली तर त्या नावाचा मुलगा गमावलेले आईबाप खरेच सापडले. पण पोर दारात आले तेव्हा बापाने अग्नी पेटवून हाती शस्त्र धरले, आईने भूतबाधा टाळणारी पीच वृक्षाची डहाळी उगारली, आणि दोघांनी त्याला घरात घेतले नाही. त्यानंतर तो शहरभर भटके. सूर्याकडे पाहवत नसे, आग, पाणी आणि शस्त्रे यांना भिई, रात्री विहारांच्या दारांशी निजे. शवपेट्यांच्या पेठेत येऊन तो लोकांना सांगू लागला, की पेटी सरूच्या लाकडाची करा, आणि आतून तुतीचे लाकूड लावू नका. पाताळात भुतांची सैन्यभरती चाललेली आपण पाहिली, तेथे एक भूत सरूच्या पेटीमुळे सूट मागत होते, पण आतून तुती लावलेली निघाल्यामुळे कारकुनाने त्याला सोडले नाही, असे तो सांगे. शहरात सरूचे भाव भडकले. पेटीवाल्यांनीच त्याला पैसे चारले असावेत, असा संशय लोकांनी घेतला. वेठबिगार आणि सक्तीची भरती यांनी गांजलेल्या रयतेला मृत्यूनंतरही तोच कारकून आणि तीच यादी दिसावी, याहून त्या काळाची बोलकी साक्ष मी दुसरीकडे वाचलेली नाही.

शहराच्या दक्षिणेस लो नदीवर पूल होता आणि पुलापलीकडे, लो व यी या दोन नद्यांच्या मधल्या भूमीत, परदेशीयांची वस्ती होती. राजमार्गाच्या पूर्वेस चार दिशांकडील पाहुण्यांसाठी चार अतिथिगृहे, पश्चिमेस चार पेठा. दक्षिणेच्या राज्यातून आश्रयास आलेल्या माणसाने प्रथम अतिथिगृहात राहावे आणि तीन वर्षांनी त्याला पेठेत घर मिळावे, असा नियम. पश्चिमेकडील वाळवंटापलीकडच्या शेकडो नगरांतून व्यापारी येत; चीनची हवा मानवून जे येथेच घर करून राहिले, त्यांची कुटुंबे दहा हजारांवर होती. उत्तरेतील टोळीप्रमुखांची मुले शरद ऋतूत येत आणि उन्हाळा टाळण्यासाठी वसंतात परत जात. नदीपलीकडच्या या बाजारात लोचे आणि यीचे मासे विकावयास येत; त्यांना गाईमेंढ्यांहून अधिक मोल पडे.

माशांवरून वांग सूची गोष्ट निघते. हा दक्षिणेचा विद्वान. तेथील राजाने त्याचे वडील आणि भाऊ मारले, म्हणून तो श्याओवनच्या आश्रयास आला. सुरुवातीस तो मेंढीच्या मांसाला आणि दह्याला स्पर्श करीत नसे. माशाचे सार आणि चहा हाच त्याचा आहार, आणि चहा तर तो असा घटाघटा पिई, की लोयांगचे पंडित त्याला गळका पेला म्हणत. काही वर्षांनी दरबारी मेजवानीत तोच वांग सू मांस आणि दही पोटभर खाताना पाहून सम्राटाला आश्चर्य वाटले आणि त्याने दोन्हींची तुलना विचारली. मेंढी ही जमिनीवरच्या पदार्थांत श्रेष्ठ, मासा पाण्यातल्यांत; दोन्ही उत्तम, एक मोठ्या राज्यासारखे, दुसरे लहान राज्यासारखे; चहाला मात्र दह्याच्या पदरी चाकर म्हणूनही उभे राहता येणार नाही, असे तो म्हणाला. ते ऐकून एका राजपुत्राने दुसऱ्या दिवशी त्याला घरी बोलाविले, ते लहान राज्याची मेजवानी आणि दह्याचा चाकर समोर ठेवण्यासाठी. पुढे कित्येक वर्षे दरबारी मेजवानीत चहा मांडला जाई, पण तो घेण्याची उत्तरेच्या लोकांना लाज वाटे. आश्रित माणसाला आपली जिव्हाही यजमानाच्या स्वाधीन करावी लागते, ही त्यातली वेदना त्या हसण्याखाली दबून गेली आहे. सम्राटाने आपल्या माणसांची भाषा बदलविली, त्याच वर्षांत हा चिनी पंडित सम्राटाच्या जमातीचे अन्न गोड मानावयास शिकत होता.

आता विहारांविषयी. भर वैभवाच्या काळात त्यांची संख्या एक हजार तीनशे सदुसष्ट होती. चौथ्या महिन्याच्या अष्टमीस बुद्धजन्माचा उत्सव होई. आदल्या दिवशी शहरभरच्या हजारावर मूर्ती एका विहारात जमत आणि दुसऱ्या दिवशी त्यांची मिरवणूक राजवाड्याच्या दारी येई, तेथे सम्राट स्वतः पुष्पवृष्टी करी. एका विहारातून सहा दातांच्या श्वेत गजावर बसलेला शाक्यमुनी निघे. पुढे सिंहाची सोंगे, तलवार गिळणारे, तोंडातून ज्वाळा काढणारे, दोरावरचे खेळ करणारे. गर्दी अशी लोटे, की तीत चेंगरून माणसे मरत.

या सर्वांत उंच होता तो युंगनिंग विहाराचा मनोरा. ५१६ मध्ये राजमाता हू हिने तो उभारला. पाया खणताना सुवर्णमूर्ती सापडल्या. त्या शुभचिन्हाने राजमातेचे मन इतके भरून आले, की खर्चाचा विचार मागे पडला. नऊ मजले, सगळे लाकडी, दर मजल्याच्या चारी बाजूंना तीन दारे आणि सहा गवाक्षे, लाखी तांबड्या दारांवर सोनेरी खिळे, एकूण पाच हजार चारशे, कोपऱ्याकोपऱ्याला घंटा. वाऱ्याच्या रात्री तो घंटानाद दहा ली दूर ऐकू जाई. मनोऱ्यावरून खाली पाहिले की राजवाड्याचा अंतर्भाग तळहातावरच्या रेषांसारखा दिसतो, हे राजमातेच्या ध्यानी आले आणि तिने इतरांना वर जाण्याची मनाई केली. या मनोऱ्याशी बोधिधर्माचे नाव निगडित आहे, आणि त्याचा हा सर्वांत जुना उल्लेख. पश्चिमेच्या दूर देशातून आलेला, दीडशे वर्षे वयाचा असल्याचे सांगणारा हा श्रमण मनोऱ्याच्या उन्हात झळकणाऱ्या सुवर्णचक्रांकडे पाहत राहिला. आपण अनेक देश हिंडलो, पण असा विहार जंबुद्वीपात नाही, असे म्हणून हात जोडून कित्येक दिवस नमो नमो म्हणत राहिला. पुढे दंतकथांनी त्याला भिंतीकडे तोंड करून बसविले. जुन्या नोंदीतला हा विस्मित वृद्ध मला अधिक जवळचा वाटतो.

याच विहारात उत्तर भारतातून ५०८ मध्ये आलेला बोधिरुची राहत असे आणि दशभूमिकावरील भाष्याचे चिनी भाषांतर त्याने व रत्नमतीने या नगरीत केले. परदेशी भिक्षूंसाठी सम्राटाने बांधलेल्या दुसऱ्या एका विहारात तीन हजारांवर भिक्षू होते. उलट दिशेनेही माणसे गेली. ५१८ मध्ये राजमातेने सुंग युन व भिक्षू ह्वेइशंग यांना ग्रंथ आणण्यासाठी पश्चिमेकडे पाठविले. पामीर ओलांडून, हूणांच्या राजाची भेट घेऊन ते उद्यान आणि गांधार देशांत पोहोचले. गांधारात कनिष्काचा विख्यात स्तूप पाहून ह्वेइशंगने आपल्या वाटखर्चातून पैसे काढले, चांगला कारागीर शोधला आणि स्तूपाची तांब्याची प्रतिकृती करवून घेतली. परत येताना त्यांच्याबरोबर महायानाचे एकशे सत्तर ग्रंथ होते. शहराच्या दक्षिणेस यी नदीच्या पश्चिम तीरावर लुंगमनच्या लेण्यांचे काम याच काळात चालू होते. आपल्या अजिंठ्यातील वाकाटककालीन लेणी कोरून जेमतेम एक पिढी उलटली होती, आणि डोंगर कोरून त्यात बुद्ध पाहण्याची दृष्टी मध्य आशियाच्या मार्गाने येथवर पोहोचलेली होती. मृत मातापित्यांच्या पुण्यार्थ श्याओवनच्या पुत्राने जी लेणी ५०० मध्ये सुरू केली, त्यांवर ५२३ पर्यंत आठ लाख दोन हजार तीनशे सहासष्ट मजूरदिवस खर्ची पडले, असा हिशेब दप्तरात लिहून ठेवलेला आहे. त्यांपैकी मधल्या लेण्यात सम्राट आणि सम्राज्ञी यांच्या मिरवणुकीचे दोन अप्रतिम शिल्पपट होते. १९३० नंतरच्या दशकात चोरांनी ते तुकड्या-तुकड्यांनी फोडून विकले, आणि आज ते अमेरिकेतील दोन संग्रहालयांत एकमेकांपासून दूर आहेत.

वैभवाला उतरती कळा लागते ती हळूहळू. खजिन्यात रेशीम इतके साठले, की एकदा राजमातेने दरबाऱ्यांना आज्ञा केली: ज्याला जेवढे उचलवेल तेवढे त्याने न्यावे. दोघा बड्या मानकऱ्यांनी पेलवेना एवढे ठाण खांद्यावर घेतले आणि ते आपटले. एकाची कंबर दुखावली, दुसऱ्याचा पाय मुरगळला. त्स्वेई ग्वांग या वृद्ध मंत्र्याने दोनच ठाण घेतले. राजमातेने कारण विचारता तो म्हणाला, मला दोनच हात आहेत. राजपुत्र तर घोड्यांच्या गव्हाणी रुप्याच्या करीत, आणि एकाचे ऐश्वर्य पाहून दुसरा मत्सराने अंथरूण धरी.

तिकडे उत्तर सीमेवरील सहा ठाण्यांत, जेथे एकेकाळी जमातीचे निवडक घराणेदार वीर तैनात असत, तेथे आता राजधानीने विसरलेले, भाषा आणि पेहराव न बदललेले, पगार थकलेले शिपाई राहत होते, आणि गुन्हेगारांना शिक्षा म्हणून त्यांच्यात पाठविले जात असे. ज्यांच्या आजोबांनी राज्य मिळविले, त्यांना लोयांगचे चिनी पद्धतीचे दरबारी गावंढळ समजू लागले. श्याओवनने दक्षिणेकडे तोंड करून जी नगरी वसविली, तिच्या पाठीशी उत्तर दिशा उघडी राहिली होती. ५१९ मध्ये लष्करी माणसांना वरच्या जागांवर नेमू नये अशी सूचना आली, तेव्हा राजधानीतील शिलेदारांनी ती मांडणाऱ्याचे घर जाळले. दरबाराने आठ जणांना देहांत शिक्षा देऊन बाकीच्यांना मोकळे सोडले, आणि सरकार किती दुबळे झाले आहे हे सर्वांनी पाहिले. ५२३ नंतर सीमेवरील ठाणी एकामागून एक बंड करून उठली.

पुढील घटना भराभर घडल्या. ५२८ मध्ये तरुण सम्राट मृत्यू पावला. आईनेच विष दिले, अशी वदंता होती. राजमातेने तान्ह्या मुलाला गादीवर बसविले, आणि अरचू रुंग नावाचा सीमेवरील सरदार फौज घेऊन चालून आला. त्याने राजमाता आणि ते बालक या दोघांना पीत नदीत बुडविले, आणि दर्शनासाठी म्हणून नदीकाठी बोलाविलेल्या हजारांवर दरबाऱ्यांची एकाच दिवशी कत्तल केली. पुढच्या वर्षी दक्षिणेचा सेनापती छन छिंगची सात हजार माणसांनिशी लोयांगमध्ये शिरला आणि काही महिन्यांत परतला. उत्तर म्हणजे रानटी मुलूख असे समजणारा तो माणूस, तेथील विद्या आणि शिष्टाचार पाहून आल्यावर उत्तरेच्या लोकांना मान देऊ लागला. ५३० मध्ये नव्या सम्राटाने अरचू रुंगला राजवाड्यात बोलावून स्वतःच्या हाताने ठार केले; त्याचा सूड म्हणून रुंगच्या पुतण्याने शहर घेऊन त्या सम्राटाला युंगनिंग विहारात कैदेत ठेविले आणि पुढे फास देऊन मारिले.

५३४ च्या दुसऱ्या महिन्यात युंगनिंगच्या मनोऱ्याला आग लागली. पहाटेच्या वेळी आठव्या मजल्यावर ती प्रथम दिसली. आकाशात गडगडाट, खाली पाऊस आणि बर्फ. सम्राटाने उंच गच्चीवर चढून पाहिले आणि हजार शिपाई मदतीस पाठविले, पण त्या उंचीला पाणी कोण पोहोचविणार! भिक्षू आणि नागरिक टाहो फोडून रडत होते. तीन भिक्षूंनी अग्नीत उडी घेतली. ज्वाळा तीन महिने शमल्या नाहीत, आणि जमिनीत पुरलेले खांब आतल्या आत धुमसत राहिल्यामुळे वर्षभर तेथून धूर येत होता. त्याच वर्षी सम्राट पश्चिमेकडे छांगआनला पळाला. पूर्वेचा सत्ताधीश गाओ ह्वान याने दुसरा सम्राट नेमून राजधानी ये या शहरी हलविली. हुकूम निघाला आणि तिसऱ्या दिवशी राजाचा रथ निघाला. त्यामागून लक्षावधी माणसे हाल-अपेष्टा सोशीत चालू लागली. पुढल्या वर्षी राजवाड्याच्या तुळया आणि कौले उतरवून नव्या राजधानीस वाहून नेली, आणि जे उरले ते ५३८ च्या युद्धात जळाले.

५४७ मध्ये यांग श्युआनची नावाचा एक अधिकारी सरकारी कामानिमित्त लोयांगला आला. भर वैभवाच्या दिवसांत हेनानच्या प्रमुख अधिकाऱ्याबरोबर तो त्या मनोऱ्यावर चढला होता आणि ढग व पाऊस आपल्या पायांखाली पाहून आला होता. आता तट पडलेले, राजवाडा कोसळलेला, विहारांच्या पायऱ्यांवर श्वापदांनी बिळे केलेली, राजद्वाराच्या जागी शेतकरी नांगर धरीत असलेला; हजारावर विहारांपैकी चारशे एकवीस शिल्लक. पुढच्या पिढ्यांना यातले काहीच कळणार नाही, या भीतीने त्याने लोयांगच्या विहारांविषयीचा आपला पाच भागांचा ग्रंथ लिहिला: प्रथम तटाच्या आतला भाग, मग पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर. सर्व विहार लिहिणे शक्य नव्हते म्हणून त्याने मोठे तेवढे घेतले; परंतु विहाराशेजारी कोण राहत होते, त्या पेठेत काय विकले जाई, कोणत्या मेजवानीत कोण काय बोलले, हेही तो लिहीत गेला. बाइदुओचे मद्य, त्स्वेई हानची सरूची पेटी, वांग सूचा चहा आणि सुंग युनचा गांधारापर्यंतचा प्रवास आज आपणांस ठाऊक आहेत, ते या एका अधिकाऱ्याच्या चिकाटीमुळे.

त्या जागेवर पुन्हा राजधानी झाली नाही. ६०५ मध्ये सुई घराण्याने पंधरा-वीस ली पश्चिमेकडे नवे लोयांग वसविले. त्याच शहरातील विहारात आपल्या वडील भावामागून एका बालकाने प्रव्रज्या घेतली, आणि तोच पुढे ह्युएनत्संग म्हणून भारतात येऊन पुलकेशीच्या महाराष्ट्राचे व तेथील मानी लोकांचे वर्णन लिहून गेला. जुन्या नगरीची जमीन शेतीखाली गेली. १९७९ मध्ये युंगनिंगच्या मनोऱ्याचा चौथरा शास्त्रीय रीतीने खणला गेला, तेव्हा दाबून घट्ट केलेल्या मातीचा, प्रत्येक बाजूस ३८.२ मीटर लांबीचा चौरस, जळालेल्या खांबांच्या जागा आणि मातीच्या शेकडो भग्न मूर्ती उजेडात आल्या. यांगने दिलेली मनोऱ्याची उंची एवढ्या पायावर उभी राहू शकत नाही. त्याच काळातील एका भूगोलग्रंथाने निम्म्याच्या आसपास उंची दिली आहे आणि तीच विद्वानांना अधिक ग्राह्य वाटते. परंतु मनोरा कोठे, त्याच्या उत्तरेस बुद्धमंदिर कोठे, राजमार्ग कोणत्या बाजूने जातो आणि वेशींची जुनी-नवी नावे कोणती, याविषयी यांगने जे लिहिले त्यावर उत्खनन करणाऱ्यांनी भरवसा ठेवला, आणि राजवाड्याचे मुख्य द्वार २००१ मध्ये उघडे करण्यात आले, ते त्याच्या आराखड्याप्रमाणे त्याच राजमार्गाच्या माथ्यावर.